पाडकामाआधी कुणीतरी छपराकडे बघा

शिवडीकर

परवा सकाळी आमच्या गल्लीच्या टोकाची जुनी शेड पाडायला घेतली. वर सिमेंटचे पन्हाळी पत्रे. सहा-सात पोरं वर चढलेली, घणाच्या एकेका घावात पत्रा फोडून खाली टाकत होती. पत्रे धरून ठेवणारे जे-बोल्ट गंजलेले, ते सोडवत कोण बसणार? शिवाय फुटलेला पत्रा ट्रकमध्ये जागा कमी घेतो. खाली दोन बाया तुकडे घमेल्यात भरत होत्या, तोंडाला पदर. समोर शाळेची बस उभी, तिच्या खिडक्या उघड्या.

मी मुकादमाशी जाऊन बोललो. माणूस वाईट नव्हता, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "साहेब, सिमेंटच तर आहे."

या एका वाक्यासाठी हा ॲस्बेस्टॉसचा धागा काढतोय. तेवीस वर्षं मी हे ऐकतोय, शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही.

माझं काम औद्योगिक आरोग्याचं. चालू कारखान्यात, बंद पडलेल्या जागेत किंवा पाडायच्या इमारतीत हवेत, धुळीत, जमिनीत काय आहे ते शोधायचं, मोजायचं आणि तिथे राबणाऱ्याच्या शरीरात ते जाणार नाही अशी व्यवस्था लावायची. डॉक्टरकडे माणूस आजारी पडल्यावर जातो. आम्ही त्याच्या वीस-तीस वर्षं आधी तिथे पोचायला हवं.

तर तो पत्रा. त्यात सिमेंट असतंच, पण साधारण ८ ते १० टक्के पांढरा ॲस्बेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइलही असतो. ॲस्बेस्टॉस हा दगडच, पण कापसासारखा पिंजता येणारा. जळत नाही, कुजत नाही, ताण सोसतो, स्वस्त पडतो. म्हणून तो पत्र्यात गेला, पाण्याच्या पाइपात गेला, बॉयलरच्या लॅगिंगमध्ये (उष्णता अडवणाऱ्या वेष्टनात), भट्टीच्या दाराच्या दोरीत, गास्केटमध्ये, ब्रेक लायनरमध्ये गेला. त्याचा स्वभाव असा की तो आडवा तुटण्याऐवजी उभा चिरत जातो. एका तंतूचे दोन, दोनाचे चार, डोळ्याला दिसेनासे होईपर्यंत. जितका बारीक तितका छातीत खोल जातो. तिथे त्याला गिळायला आलेल्या पेशींना तो पुरा गिळता येत नाही, त्या अर्ध्यावर मरतात आणि त्या जागी व्रण धरत जातो. फुप्फुस कडक होतं, तो ॲस्बेस्टॉसिस. फुप्फुसाचा कर्करोग होतो. आणि मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या अस्तराचा कर्करोग, जो ॲस्बेस्टॉसशिवाय क्वचितच दिसतो. श्वास आज घेतला तर आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी. तोवर मुकादम कुठे, कंत्राटदार कुठे, ती शेड कुठे होती हेही कुणाला सांगता येत नाही.

हे नवं ज्ञान नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेलची नेली केरशॉ ॲस्बेस्टॉसचं सूत काढायची, ती त्याच धुळीच्या आजारानं १९२४ मध्ये गेली. ब्रिटननं १९३१ मध्ये धुळीचे नियम केले. दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरातले मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये नोंदवले. आज साठाहून अधिक देशांत ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे. आपल्याकडे १९८६ पासून खाणींना नवे परवाने देणं थांबलं, आयात मात्र चालू राहिली आणि ती वर्षाला तीन लाख टनांच्या वर गेली. दगड आपल्या जमिनीतून काढायचा नाही, बाहेरून आणून डोक्यावर घालायचा, हे मला अजून पटलेलं नाही.

आता माझ्या कामातला एक प्रसंग. बारा-तेरा वर्षांपूर्वी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका बंद कारखान्यात मला बोलावलं ते जमिनीचे नमुने घ्यायला. जागा विकायची होती, घेणाऱ्याला माती तपासून हवी होती. मातीत काम करता करता बॉयलर हाउसमधून ठोकल्याचा आवाज आला म्हणून आत गेलो. भंगारवाल्याची चार पोरं तांब्याच्या आणि लोखंडी पाइपांवरचं लॅगिंग हातोडीनं सोलत होती. आत उन्हाची तिरीप येत होती आणि तिच्यात धूळ अशी तरंगत होती की समोरची भिंत धूसर दिसावी. त्यातला सगळ्यात लहान पोरगा सतरा-अठराचा, केसांवर पांढरं पडलेलं. त्याला वाटलं मी ओरडायला आलोय, तर तो हसून म्हणाला, "काका, कापूस आहे."

मी काम थांबवायला सांगितलं. माझ्याकडे पंप होते, त्याच खोलीत हवेचा नमुना घेतला आणि लॅगिंगचा तुकडा ओला करून पुडीत घातला. तुकड्यात तपकिरी ॲस्बेस्टॉस निघाला, अमोसाइट. हवेचा फिल्टर मोजताच आला नाही. इतका भरला होता की सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंवर तंतू पडलेले, एकही क्षेत्र मोजण्यासारखं नाही. अहवाल गेला. पुढच्या आठवड्यात मी परत गेलो तर बॉयलर हाउस रिकामं होतं, पोरं दुसऱ्या साइटवर गेलेली. त्यांची नावं कुठल्याही रजिस्टरमध्ये नव्हती. मी त्या दिवशी त्यांची नावं विचारून लिहून घेतली नाहीत. तो पोरगा आज तिशीत असेल.

म्हणून सांगतो, जुनी इमारत, शेड, गिरणी, बॉयलर काहीही पाडायच्या आधी एक पाहणी व्हायला हवी. छप्पर कशाचं, पाइपांवर काय गुंडाळलंय, जिन्याखालच्या पार्टिशनची पाटी कसली, पावसाळी पाइप कसला. संशय आला तर नखाएवढा तुकडा ओला करून काढायचा, दुहेरी पिशवीत घालायचा आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघू शकणाऱ्या प्रयोगशाळेत द्यायचा. पुनर्विकासाच्या जितक्या निविदा मी वाचल्या त्यांतल्या एकाहीत हे कलम दिसलं नाही. इथे बरेच जण सोसायटीच्या कमिटीवर आहेत. तुमच्या निविदेत ते घाला, एवढंच मागणं आहे.

प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं उत्तर देईन.

---

रोखठोक

लेख तळमळीनं लिहिलाय, पण थोडी भीती पसरवली जातेय असं वाटतं. आमचं घर चाळीस वर्षं सिमेंटच्या पत्र्याखाली आहे. आजी त्याच छपराखाली ९१ वर्षांची होऊन गेली. आमच्याकडे वानरं कौलं ठेवत नाहीत, दर पावसाळ्याआधी शेकडो कौलं बदलावी लागायची. लोखंडी पत्रा लावला तर खारं वारं चार-पाच वर्षांत खातं. मग गरिबानं घालायचं काय डोक्यावर?

---

शिवडीकर

रोखठोक, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि मी तुमच्या घराचं छप्पर काढा असं म्हणत नाही. न फुटलेल्या, न तासलेल्या पत्र्यात तंतू सिमेंटनं धरून ठेवलेला असतो. त्याच्याखाली झोपल्यानं आजी आजारी पडल्या नाहीत यात मला काहीच नवल वाटत नाही. धोका तो पत्रा फोडताना, कापताना, भोक पाडताना, घासताना आहे. आणि तो धोका छपराखाली राहणाऱ्यापेक्षा छपरावर काम करणाऱ्याला कितीतरी जास्त.

फक्त तीन गोष्टी तुमच्या घरासाठी. पावसाळ्यानंतर पत्र्यावर शेवाळ धरतं, ते तारेच्या ब्रशनं किंवा जोराच्या पाण्याच्या मशीननं काढू नका. वर्षानुवर्षं पावसानं वरचं सिमेंट झिजलेलं असतं, तंतू उघडे पडलेले असतात, घासलं की तेच सुटतात. ॲंटेना किंवा सोलरसाठी ग्राइंडर लावू नका. आणि पत्रा बदलायची वेळ येईल तेव्हा तो फोडू नका. नवं घालताना ॲस्बेस्टॉस नसलेले फायबर-सिमेंटचे पत्रे मिळतात, त्यात सेल्युलोज किंवा कृत्रिम धागे असतात. थोडे महाग पडतात हे खरं.

---

छपरावरचा

मी फॅब्रिकेशनचं काम करतो, शेडची. दादांनी लिहिलंय ते सगळं मला माहीत नव्हतं, पत्र्यात भोक पाडताना किती धूळ खाल्ली असेल देव जाणे. पण दुसरी एक गोष्ट सांगतो जी लोक विसरतात. सिमेंटचा जुना पत्रा माणसाचं वजन घेत नाही. वरून अख्खा दिसतो आणि पाय ठेवला की माणूस सरळ खाली. मे महिन्यात गळती काढायला, डांबर लावायला पोरं चढतात आणि दरवर्षी कुठे ना कुठे कोणी पडतो. माझा एक हेल्पर असाच गेला, वीस फुटांवरून.

पाय नेहमी बोल्टच्या रेषेवर ठेवायचा, कारण खाली पर्लिन, म्हणजे पत्र्याखालची आडवी पट्टी असते. तेही पुरेसं नाही. दोन पर्लिनवर जाईल एवढी फळी टाकायची आणि फळीवरून सरकायचं. कमरेला पट्टा, त्याची दोरी पत्र्याला नाही तर ट्रसला, म्हणजे छपराच्या मुख्य सांगाड्याला. पत्रा ओला असेल तर चढायचंच नाही.

---

शिवडीकर

छपरावरचा, हे लिहिल्याबद्दल खरंच आभार. तुमच्या हेल्परबद्दल वाईट वाटलं. मी तंतूंबद्दल इतकं बोलतो की पडण्याचं राहून जातं, आणि पडून माणूस त्याच दिवशी जातो. पाडकामाआधीच्या पाहणीचा नमुना अर्ज करेन तेव्हा हे पहिल्या ओळीत घेईन.

एक गुंता यातून येतो, तोही सांगतो. धूळ उडू नये म्हणून पत्रा ओला करायचा असतो, आणि ओला पत्रा निसरडा. म्हणून जमत असेल तिथे वर न चढता खालून, शिडीवरून किंवा मचाणावरून बोल्ट कापून पत्रा उतरवतात. पाणी मारायचं ते वर माणूस नसताना, खालून.

---

मुरुडची सून

नमस्कार. मी बरेच दिवस वाचते, लिहिते क्वचित. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या गोठ्याचे आणि मागच्या पडवीचे सगळे सिमेंटचे पत्रे उडाले. काही आमच्या वाडीत पडले, काही शेजाऱ्यांच्या. नारळ, सुपारी सगळं आडवं, रस्ता बंद, वीज दीड महिना नाही. त्या गडबडीत फुटलेले पत्रे आम्ही वाडीच्या कडेला रचून ठेवले ते अजून तिथेच आहेत. काही तुकडे सासऱ्यांनी विहिरीकडच्या पायवाटेवर टाकले, चिखल होऊ नये म्हणून. रोज त्यावरून पाय पडतात. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, ती त्यांच्यावर खडूसारखं रेघा ओढते.

शिवडीकर दादा, हे वाचल्यापासून पोटात गोळा आलाय. काय करू?

---

शिवडीकर

ताई, आधी हे वाचा: मोकळ्या हवेत मुलीनं ओढलेल्या रेघांनी तिला काही होईल अशी शक्यता फार कमी आहे. आजार ठरतो तो किती तंतू, किती वर्षं यावर. पण ते तुकडे आता तिथून हलवायला हवेत, आणि पायवाटेचे सगळ्यात आधी, कारण रोज चालून ते दळले जातायत.

आंब्याला मारायचा फवारणीचा पंप असेल तर तो आतून स्वच्छ धुवा. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे काही थेंब घाला, नुसतं पाणी पत्र्यावरून ओघळून जातं, साबणाचं आत मुरतं. वारा पडलेला असताना, सकाळी, तुकडे चांगले भिजवा. उचलताना फोडायचे नाहीत, टाकायचे नाहीत, ओढत न्यायचे नाहीत. शेततळ्याला घालतात तो जाड कागद बाजारात मिळतो, त्यात गुंडाळा, वर दुसरा थर, चिकटपट्टीनं बंद. किमान १५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरी हवा, शेततळ्याचा त्याहून जाडच असतो. वर मोठ्या अक्षरात लिहा: ॲस्बेस्टॉस, फोडू नये. पायवाटेवरची वरची माती दोन-तीन इंच तुकड्यांसकट ओली करून फावड्यानं काढा, तीही त्यातच. झाडू मारायचा नाही.

साधा कापडी मास्क किंवा ओला रुमाल इथे चालत नाही. तंतू तीन मायक्रॉनपेक्षाही बारीक, कापडाच्या विणीतून आरपार जातो. अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या पी-१०० फिल्टरचा अर्ध्या चेहऱ्याचा रबरी मास्क सुरक्षा साहित्याच्या दुकानात मिळतो. घालून दोन्ही फिल्टर तळहातांनी झाका आणि श्वास आत ओढा, मास्क चेहऱ्याला चिकटायला हवा. दाढी असेल तर तो बसत नाही, त्या दिवशी काम करणाऱ्यानं गुळगुळीत दाढी करूनच यावं. जुने कपडे घाला आणि काम झाल्यावर तेही ओले करून त्याच कागदात गुंडाळा. घरी आणून धुऊ नका. हे मी का सांगतो तर १९६५ मध्ये लंडनच्या एका अभ्यासात मेसोथेलिओमाच्या रुग्णांत अशा बायका सापडल्या ज्या कधी कारखान्यात गेल्याच नव्हत्या. त्यांनी नवऱ्याचे किंवा भावाचे कामाचे कपडे धुतले होते.

मुलीला त्या दिवशी मावशीकडे पाठवा.

---

अबोली

गुंडाळून झाल्यावर टाकायचे कुठे? आमच्या सोसायटीत हाच प्रश्न अडला. डेब्रिजवाला म्हणाला, द्या, मी खाडीला टाकतो.

---

शिवडीकर

हा आपल्याकडचा सगळ्यात दुखरा भाग. कारखान्यांच्या घातक कचऱ्यासाठी तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे प्रक्रिया आणि साठवणुकीची केंद्रं आहेत. तिथे तळाला अस्तर घातलेल्या भरावात असा कचरा पुरतात. तिथे माल जातो तो नोंदणी केलेल्या कारखान्याचा, सोबत कागदपत्रं लागतात. चार पत्रे घेऊन कोणी घरगुती माणूस दाराशी गेला तर त्याला आत घेण्याची सोपी वाट मला तरी आजवर सापडली नाही. सोसायटीच्या बाबतीत मी असं करायला लावलं की पाडकामाच्या कंत्राटातच लिहिलं: पत्रे अख्खे उतरवून, गुंडाळून, घातक कचरा केंद्रात पोचवल्याची पावती दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. कंत्राटदारानं पंधरा दिवस कुरकुर केली, मग पावती आणली. कारण पैसे अडले होते.

अबोली, तुमच्या डेब्रिजवाल्याला देऊ नका. खाडीकाठच्या भरावावर उद्या कोणाची तरी झोपडी उभी राहते, पाया खणताना तेच तुकडे वर येतात. असे तुकडे मी स्वतः उचललेत.

मुरुडच्या ताई, तुमच्यासाठी ग्रामपंचायत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय. एकट्यानं न जाता गावातल्या दहा-वीस घरांची यादी करून जा. वादळानं एकट्या तुमचे पत्रे उडवले नसतील.

---

रसायनवाला

शिवडीकर, तुमच्या धाग्यात थोडी भर घालतो, कारण बंद कारखाना म्हणजे फक्त ॲस्बेस्टॉस नाही. मी एमआयडीसीत वीस वर्षं ईएचएस, म्हणजे पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षा बघतो. प्लेटिंगची, म्हणजे धातूवर मुलामा चढवायची जुनी शेड घेतली तर लादीच्या सांध्यांत पिवळट-हिरवे डाग असतात, ते सहा संयुजेचं, म्हणजे विषारी प्रकारचं क्रोमियम. लादी फोडली की ती धूळ नाकातून जाते, आणि पावसात तेच विहिरीला लागतं. तामिळनाडूत राणीपेटला क्रोमेटचा कारखाना बंद पडून कित्येक वर्षं झाली, ढीग तिथेच आणि भूजल अजून पिवळं. जुन्या रंगाच्या थरांत शिसं. गॅस कटरनं रंगासकट गर्डर कापतात, शिशाचा धूर थेट छातीत. ट्यूबलाइट आणि जुनी मोजमापं फोडली की पारा.

पण माणसं पटकन मरतात ती टाकीत. ईटीपीचा (सांडपाणी प्रक्रियेचा) खड्डा, गाळाची टाकी, जुनं स्टोरेज. आत उतरण्याआधी आधी ऑक्सिजन, मग पेटणारा वायू, मग विषारी वायू, याच क्रमानं मोजायचं, आणि वरपासून तळापर्यंत मोजायचं, कारण हायड्रोजन सल्फाइड तळाशी बसतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर विषय संपला. एक जण कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही जातो. पुन्हा पुन्हा हेच. दुसऱ्याला थांबवणारा माणूस वर उभा असलाच पाहिजे, हे त्याचं एकमेव काम.

---

चाईबासाहून

झारखंडात नोकरीला आहे म्हणून लिहितो. इथे पश्चिम सिंहभूममध्ये रोरो नावाच्या टेकड्या आहेत. तिथली ॲस्बेस्टॉसची खाण १९८३ मध्ये बंद झाली आणि खाणीचा पांढुरका चुरा उताराला तसाच सोडून दिला गेला. लाखो टन. खाली गावं आहेत, भातशेती आहे. पाऊस तो चुरा शेतात आणतो, उन्हाळ्यात तो वाळतो आणि वाऱ्यावर जातो. मुलं त्या उतारावरून घसरगुंडी खेळताना मी पाहिली आहेत. पत्र्याबद्दल बोलताना तो जिथून आला ती जागाही डोळ्यांपुढे असावी.

जुलै २०२५ मध्ये केंद्रानं दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. त्यात जिल्हा प्रशासनानं संशयित जागांची माहिती द्यायची आणि राज्य मंडळानं तपासायची असं आहे. आपल्या जिल्ह्यातल्या अशा जागेची नोंद झाली का, हे विचारायला आता कागदाचा आधार आहे.

---

कॅनबेरातून

आम्ही इथे ऑस्ट्रेलियात २०११ ला आलो. घर शोधताना एजंटनं एक कागद हातात दिला, घरात ॲस्बेस्टॉस कुठे कुठे आहे त्याचा. मला तेव्हा ते फार विचित्र वाटलं. मग कळलं की १९६८ ते १९७९ च्या दरम्यान एका कंपनीनं उष्णता अडवायला इथल्या हजारावर घरांच्या माळ्यावर सुटा ॲस्बेस्टॉस फुंकून भरला होता, कापसासारखा. एकदा सरकारनं तो काढून घेतला, पण भिंतींच्या फटींत राहिलाच. शेवटी २०१४ मध्ये सरकारनं ती घरं विकत घेऊन पाडायचं ठरवलं. आमच्या रस्त्यावरचं एक पाडताना पाहिलं. आधी महिनाभर घर बंद करून आतून साफ केलं, माणसं पांढऱ्या सूटमध्ये, बाहेर पडताना शॉवर. मग वरची मातीसुद्धा उचलून नेली.

इथे २००३ च्या शेवटच्या दिवसापासून संपूर्ण बंदी आहे. बहुतेक राज्यांत सिमेंटनं घट्ट धरलेला पत्रा १० चौरस मीटरपेक्षा जास्त काढायचा असेल तर परवानाधारक माणूसच लागतो, सुटा असेल तर वरच्या वर्गाचा परवाना. माझे बाबा नाशिकला स्वतः पत्र्याला ड्रिल मारायचे, मी खाली टॉर्च धरून उभा. ते चित्र आता वेगळं दिसतं.

---

रेघोटी

प्रश्न जरा बाळबोध असेल. हवेत किती तंतू चालतील याची कायद्यानं मर्यादा ठरलेली असते असं ऐकलंय, मग त्या मर्यादेच्या आत असलं की सुरक्षित ना? आणि तंतू मोजतात म्हणजे नेमकं काय करतात?

---

शिवडीकर

रेघोटी, प्रश्न अजिबात बाळबोध नाही, यावर मी तासभर बोलू शकतो.

कामगाराच्या कमरेला छोटा पंप लावतात, त्याची नळी खांद्यावरून कॉलरपाशी, तिथे २५ मिलिमीटरचा फिल्टर, तोंड खाली करून. नाकाजवळची हवा हवी म्हणून कॉलर. मिनिटाला २ लिटरनं आठ तास चालवला तर ९६० लिटर हवा फिल्टरमधून जाते. मग प्रयोगशाळेत ॲसिटोनच्या वाफेनं फिल्टर काचेसारखा पारदर्शक करतात आणि ४०० पट मोठं करून बघतात. डोळ्यासमोर एक वर्तुळ असतं, १०० मायक्रॉन व्यासाचं. त्यात ५ मायक्रॉनहून लांब, ३ मायक्रॉनहून बारीक आणि रुंदीच्या तिप्पट तरी लांब असलेला तंतू मोजायचा. अर्धा आत अर्धा बाहेर असला तर अर्धा धरायचा. अशी क्षेत्रं मागून क्षेत्रं, जास्तीत जास्त १००. मोजणाऱ्याचे डोळे दुखतात, म्हणून दिवसाला किती स्लाइड द्यायच्या यावरही बंधन ठेवावं लागतं. या पद्धतीत दोन उणिवा आहेत: तंतू ॲस्बेस्टॉसचा की दुसऱ्या कशाचा ते कळत नाही, आणि फार बारीक तंतू दिसतच नाहीत. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

आता मर्यादा. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत पांढऱ्या ॲस्बेस्टॉससाठी मिलिलिटरला १ तंतू होती; त्या कायद्याची जागा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेनं घेतली. अमेरिकेत १९९४ पासून ०.१. काम करताना माणूस पाळीला साधारण १० घनमीटर हवा घेतो, म्हणजे १ कोटी मिलिलिटर. १ तंतूच्या मर्यादेत राहूनही एका पाळीत १ कोटी तंतू नाकातोंडात. म्हणून ‘मर्यादेच्या आत’ हे शब्द मी अहवालात कधी एकटे लिहीत नाही. पुढे लिहितो की अजून कमी कसं करता येईल. पत्रा अख्खा उतरवता येतो का, ओला करता येतो का, जागा प्लास्टिकनं बंद करून आतली हवा हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) फिल्टरमधून बाहेर ओढता येते का. मास्क सगळ्यात शेवटी येतो. आपल्याकडे तो सगळ्यात आधी येतो आणि बहुतेकदा तिथेच थांबतं.

---

गिरणगावची

खूप वेळ विचार करून लिहितेय. माझे वडील परळच्या एका गिरणीत बॉयलरवर होते, १९६९ पासून संपापर्यंत. १९८२ नंतर गिरणी पुन्हा नीट चालू झालीच नाही, ते वॉचमन झाले. आता ७८ आहेत. सात-आठ वर्षांपासून जिना चढताना दम लागतो, कोरडा खोकला. दोनदा टीबीची औषधं झाली, थुंकी दोन्ही वेळा निगेटिव्ह. आता दम्याचा पंप देतात, फरक नाही.

तुमचा ‘कापूस’ वाचला आणि वडिलांना विचारलं. ते म्हणाले, पाइपावर पांढरा लेप ते हातानं कालवून लावायचे, कोरडी पोती झटकून. जेवणाच्या सुट्टीत एकमेकांवर त्याचे गोळे मारायचे. हे सांगताना ते हसत होते. मी नाही हसू शकले.

---

फुप्फुसतज्ज्ञ

गिरणगावची, मी छातीच्या आजारांचा डॉक्टर आहे. इथून निदान करता येणार नाही, पण तुमच्या वडिलांचा कामाचा इतिहास डॉक्टरांसमोर पूर्ण यायलाच हवा. आमच्याकडे गर्दी असते, ‘काय काम करायचा’ याचं उत्तर ‘गिरणीत’ एवढंच लिहिलं जातं आणि बॉयलर, लॅगिंग, लेप हे शब्द कागदावर येतच नाहीत. एका कागदावर लिहून न्या: कोणतं साल ते कोणतं साल, कोणत्या खात्यात, हातानं काय केलं. जुने सगळे एक्स-रे न्या, दहा वर्षांपूर्वीचा असेल तर तो सोन्यासारखा. छातीचा हाय रिझोल्यूशन सीटी स्कॅन आणि स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजायची चाचणी) करायला सांगा. पाठीवर खालच्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवल्यावर श्वास घेताना वेलक्रो सोडवल्यासारखा आवाज येतो का, ते मुद्दाम ऐकायला सांगा. बोटांची टोकं फुगीर झाली आहेत का बघा.

विडी-सिगारेट असेल तर आज बंद. अमेरिकेतल्या लॅगिंग कामगारांवरच्या सेलिकॉफ आणि हॅमंड यांच्या अभ्यासात नुसत्या ॲस्बेस्टॉसनं फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ५ पट, नुसत्या धूम्रपानानं सुमारे १० पट आणि दोन्ही मिळून ५० पटींच्या वर निघाला होता. बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

ॲस्बेस्टॉसिस असेल तर झालेला व्रण मागे फिरत नाही. पण ऑक्सिजन, लस, श्वासाचे व्यायाम यांनी दिवस बरे जातात, आणि चुकीची टीबीची औषधं तरी तिसऱ्यांदा घ्यावी लागत नाहीत.

---

शिवडीकर

गिरणगावची, डॉक्टरांनी सांगितलंय त्यात एकच भर. २७ जानेवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला. कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, जे नंतर येईल तोवर ठेवायची, असं त्यात आहे. ॲस्बेस्टॉसिस हा कायद्यानं सरकारला कळवण्याजोगा आणि भरपाईचा आजार आहे. पण सगळं सुरू होतं ते वडील तिथे कामाला होते याच्या पुराव्यानं. गिरणीचं ओळखपत्र, ईएसआयचं कार्ड, पगाराची चिठ्ठी, पीएफचा कागद, संपाच्या काळातली युनियनची पावतीसुद्धा. जे सापडेल ते. आणि त्यांच्याबरोबर बॉयलरवर असलेले कोणी हयात असतील तर त्यांचाही खोकला विचारा.

---

मुरुडची सून

दादा, कळवायचं होतं. काल सकाळी केलं. नवरा, दीर आणि मी. वाडीच्या कडेचे अख्खे सतरा पत्रे आणि तुकड्यांचे सहा गठ्ठे निघाले. दिरानं दाढी केली नव्हती, त्याला मास्क बसला नाही म्हणून त्याला पाण्याच्या पंपावर लांब उभं केलं. पायवाटेवर आता जांभा टाकलाय. गठ्ठे गोठ्यामागे फळ्यांवर ठेवलेत, वर ताडपत्री.

आळीत फिरून यादी केली, तेवीस घरं झाली. दोन घरांनी तुकड्यांचा चुरा करून अंगणात भर घातली आहे, त्यांना काय सांगायचं ते कळेना. सोमवारी ग्रामसेवकांना भेटतोय.

---

शिवडीकर

ताई, फार चांगलं केलंत. त्या दोन अंगणांवर सध्या माती किंवा जांभ्याची चिरी घालून दाबून टाका, उकरू नका, आणि ती जागा यादीत लिहून ठेवा म्हणजे पुढे कोणी खणणार नाही. सोमवारचं पत्र लिहिलंत की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मंडळाच्या कार्यालयासाठीचा मसुदा मी देतो.

---

गिरणगावची

आईच्या ट्रंकेत बाबांचं गिरणीचं बिल्ला नंबर असलेलं ओळखपत्र सापडलं. त्यावर खातं लिहिलंय: बॉयलर. २००९ चा एक एक्स-रेही मिळाला, हर्नियाच्या ऑपरेशनआधी काढलेला. शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय. बाबांच्या खात्यातले एक काका लालबागला राहतात, त्यांनाही बरोबर नेणार आहे, त्यांना गेल्या वर्षापासून दम लागतोय.